मडफ्लॅप, गंज आणि पहिली पंचमी

गाड्यांचं दुकान असलेल्या घरात लग्न होऊन आलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. चाकामागच्या कोपऱ्यात काळी माती साचते तसे ते आपोआप साचतात, वाळतात आणि घट्ट बसतात. मैत्रिणी फोनवर विचारतात, "नवीन नवीन लग्न झालंय, काय चाललंय मग?" मी सांगायला लागते, "काल एका गाडीखाली..." पुढं त्या ऐकत नाहीत. म्हणून इथं लिहिते.

आमचं दुकान नळदुर्गजवळ, हायवेला लागून. पुढं दुकान, मागं घर. काम दोनच: गाड्यांना मडफ्लॅप बसवायचे, म्हणजे चाकामागचे ते रबरी पडदे, त्यानं चिखल पत्र्यावर उडत नाही. आणि गाडीच्या पोटाला गंज लागू नये म्हणून खालून काळा कोट मारायचा. करणारेही दोघंच. आमचे हे आणि मामा, म्हणजे माझे सासरे. मी काउंटरवर बसते. मी बोलत नाही, त्यामुळं गिऱ्हाइकांना वाटतं मी फार हुशार आहे.

यंदा माझी पहिली पंचमी. लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला लेकीनं माहेरी जायचं, बांगड्या भरायच्या, झोका खेळायचा, हे आमच्याकडं ठरलेलं. माझं माहेर सास्तूर. "आपल्याच गाडीनं सोडतो तुला," असं ह्यांनी साखरपुड्यातच सांगितलं होतं. पाऊस सुरू झाल्यापासून मी एका डोळ्यानं दुकान सांभाळत होते आणि दुसऱ्या डोळ्यानं आपली गाडी.

*

आपल्या गाडीचाच किस्सा आधी सांगते.

मामा जुन्या वळणाचे. त्यांचं म्हणणं, गाडीच्या पोटाला इंजिनातलं जळकं ऑइल फासावं, गंजाचा बाप येत नाही. ह्यांचं म्हणणं, ऑइलनं धूळ चिकटते, रबर खराब होतं, कोटच पाहिजे. वाद मिटेना, तेव्हा दोघांनी घरची गाडी वाटून घेतली. उजवी बाजू ह्यांची: कोट, नवे मडफ्लॅप. डावी मामांची: जळकं ऑइल, आणि ट्रकच्या जुन्या टायरमधून कापलेले पडदे. गिऱ्हाईक आलं की एक जण त्याला उजवीकडं ओढतो, एक डावीकडं.

माझी वरात ह्याच गाडीतून आली. नवरी डावीकडं बसते. उतरताना शालूचा काठ पत्र्याला घासला आणि वीतभर काळा झाला.

मी काठ झटकत राहिले. हे मामांना म्हणाले, "बघा. म्हणून सांगत होतो."

मामा म्हणाले, "डाग पडला म्हंजे ऑइल अजून टिकून हाय."

*

एक काका नवीकोरी गाडी घेऊन आले. हार वाळलेला नव्हता, बॉनेटवरचं स्वस्तिक ओलं होतं.

"फ्लॅप बसवा. पर भोक पाडायचं न्हाय."

हे म्हणाले, "काका, ह्या मॉडेलला एक स्क्रू पत्र्यात मारावाच लागतो. भोकाच्या कडेला प्रायमर लावतो, गंज धरणार नाही."

"लेकरावानी गाडी हाय. तिला भोक पाडू देणार न्हाय म्या."

मामा त्यांच्याकडं बघत होते. म्हणाले, "तुमच्या कानात बाळी हाय की. भोक पाडलं तवा कान नासला का?"

काकांनी कानाला हात लावला. बाळी फिरवून बघितली.

"तवा मी ल्हान होतो," ते म्हणाले, "मला कुणी इचारलंच न्हाय."

शेवटी तयार झाले. ड्रिल सुरू झालं तसे उठून बाहेर गेले आणि हायवेकडं तोंड करून उभे राहिले. दवाखान्यात लेकराला इंजेक्शन देताना बाप उभा राहतो तसे.

*

अणदूरकडचे एक गुरुजी आले. गाडीत कुबट वास येतो म्हणाले. शिटांवरची प्लास्टिकची कव्हरं शोरूममधून आली तशीच होती. खाली कंपनीची मॅट, तिच्यावर रबरी मॅट, तिच्यावर सतरंजी. गाडी जपावी म्हणून.

ह्यांनी एकेक थर उचलला. सगळ्यात खाली पाणी मुरलेलं, पत्रा तांबूस झालेला, आणि त्यावर बोटभर उंचीचे हरभऱ्याचे कोंब. मळ्यातून पोतं आणलं होतं, थोडं सांडलं असणार.

सगळे वाकून बघत राहिले. मामा गंभीरपणे म्हणाले, "गुरुजी, आधी ई-पीक पाहणी करून घ्या. अनुदान सुटंल."

गुरुजींनी खरंच फोटो काढला. कशासाठी ते विचारायचं माझं धाडस झालं नाही.

त्या दिवशी जेवताना मी ह्यांना विचारलं, "आपली गाडी कधी खाली घेणार?" कारण तोवर ती लाकडी ठोकळ्यांवर चढली होती, चाकांशिवाय.

"बघू," हे म्हणाले.

*

"आमच्याकडं प्यायला पाणी न्हाय, गंजाला कुठून येणार?" हे वाक्य आम्हाला दर आठवड्याला ऐकायला मिळतं. असंच म्हणणारे एक जण बायकोला घेऊन आले होते. ह्यांनी गाडीखाली वाकून टॉर्च मारला. पोट सगळं पोपडे धरलेलं.

"रोज धुता का?"

"रोज. बोअरच्या पाण्यानं. सकाळी चहाच्या आधी." ते अभिमानानं म्हणाले.

"बोअरचं पाणी खारं असतं. त्यानंच खाल्लाय पत्रा."

गाडीच्या पुढच्या दाराची काच खाली आली. आतून बाई म्हणाल्या, "परत एकदा सांगा."

ह्यांनी परत सांगितलं.

"अजून एकदा. जरा जोरात. मी घागरी भरून आणि सांगून थकले, आता दुकानदाराच्या तोंडून ऐकू द्या त्यांना."

महिन्याभरानं तीच गाडी मडफ्लॅपसाठी आली. ओळखूच येईना. नंबर प्लेटही मातीखाली. मालक खाली मान घालून बसले होते. बाई मात्र प्रसन्न होत्या. "एकदाबी धुतली न्हाय," म्हणाल्या, "बघा आता कशी टिकते."

*

काही जणांना मडफ्लॅपवर नाव पाहिजे असतं. एका पोल्ट्रीवाल्यानं 'आई-वडिलांचा आशीर्वाद' लिहून मागितलं.

मामांनी ब्रश खाली ठेवला. "चाकामागचा चिखल उडतो तिथं आई-बाप लिव्हणार?"

माणूस ओशाळला. "मग काचंवर लिहा. पर इथं काहीतरी पाहिजेच. मोकळं बरं दिसत न्हाय. सासऱ्याचं नाव चालंल का?"

"गाडीत कोण बसलंय ते बघून बोला," मामा म्हणाले.

गाडीत त्याची बायको बसली होती. तिनं फोनमधून मान वर काढली नाही, फक्त म्हणाली, "लिहू द्या. गाडी त्यांनीच दिलीय."

तो फ्लॅप मोकळाच गेला.

*

पंचमी जवळ आली. गाडी ठोकळ्यांवरच. एका सकाळी मला कळलं की दोघांची पैज लागली होती: पावसाळाभर गाडी जागची हलवायची नाही, उभ्या गाडीलाच खरा गंज लागतो, दसऱ्याला कुणाची बाजू जिंकली ते बघायचं. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

"मग मी कशी जाणार?" मी विचारलं. त्या घरात आल्यापासून मी विचारलेला तो बहुधा सगळ्यात मोठ्या आवाजातला प्रश्न असावा, कारण आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, चहाचं पातेलं हातात घेऊन बाहेर आल्या.

हे मामांकडं बघायला लागले. मामा ह्यांच्याकडं. गाडी खाली घेतली तर पैज मोडणार, आणि मोडली कुणी हा नवा वाद सुरू होणार.

"बघू," दोघं एकदमच म्हणाले.

मी बाबांना फोन लावला. बाबा म्हणाले, "रडू नको. मीच येतो न्यायला."

मी रडत नव्हते. पण येतो म्हणाले, तर त्यांचा समज कशाला दुरुस्त करा.

*

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी बाबा आले. बाबांची गाडी जुनी, पण रोज पुसलेली. मी पिशवी भरून तयार. बाबा चहा घेईपर्यंत मामा उठले आणि सवयीनं त्यांच्या गाडीपाशी जाऊन बसले. पान्याच्या टोकानं चाकावरच्या कमानीवर ठोकलं. चांगला पत्रा वाजतो. हा वाजला नाही. तांबडा भुगा गळला.

"इवाई," मामा आपल्या व्याह्यांना म्हणाले, "ह्या गाडीतून आमच्या सुनंला नेणार?"

बाबांनी बशी खाली ठेवली. "आमी पोरगी दिली तवा तुमचं घर असं ठोकून न्हाय बघितलं."

"बघायचं होतं की," मामा म्हणाले. "आवाज असाच आला असता."

बाबा हसले, आणि तिथंच चुकलं. हसलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. हे जॅक घेऊन आले. मी "अहो" म्हणेपर्यंत दोन चाकं निघाली होती. बरं, ह्यांचं आणि मामांचं एकमत झालं होतं; लग्न होऊन आल्यापासून मी ते पहिल्यांदाच बघत होते. गंज घासला, कोट मारला. दुपार झाली. ढगाळ हवा, कोट वाळेना. संध्याकाळपर्यंत वाळला असता तरी मडफ्लॅप राहत होते, आणि मडफ्लॅपशिवाय इवायाची गाडी आमच्या दुकानातून बाहेर पडणं मामांना पटणारं नव्हतं.

"फ्लॅप उद्या सकाळी लावू," हे म्हणाले.

"उद्या पंचमी," मामा म्हणाले. "पंचमीला चिरत न्हाईत, खणत न्हाईत. भोक कसं पाडणार? परवा."

बाबा माझ्याकडं बघत राहिले. मी पिशवीकडं.

आत्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. माझी पिशवी उचलली आणि स्टॉपकडं चालू लागल्या. मी मागं.

यष्टीची वाट बघताना म्हणाल्या, "माझ्या पहिल्या पंचमीला माझा भाऊ जीप घेऊन आला होता. ह्यांनी ती खोलली."

"मग?"

"मग काय. पंचमी झाली."

उमरग्याची गाडी आली. त्यांनी मला खिडकीपाशी बसवलं, पिशवी मांडीवर ठेवली आणि कंडक्टरला सांगितलं, "पोरगी माहेरी चाललीय, उमरग्यात सास्तूरच्या गाडीत बसवून द्या." चढताना मी मागच्या चाकाकडं बघितलं होतं. फ्लॅप होते, दोन्ही.

सास्तूरला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आई भाकरतुकडा घेऊन दारात उभी. तिनं माझ्यामागं गल्लीच्या टोकापर्यंत बघितलं.

"आन् बाबा कुठायत?"

"ते सासरी राहिलेत," मी म्हटलं. "पंचमी झाल्यावर पाठवतो म्हणाले."

आईनं भाकरतुकडा माझ्यावरून ओवाळला, बाजूला टाकला, आणि माझ्या हातातली पिशवी घेत हळूच विचारलं,

"नीट वागवतेत ना त्यांना तिथं?"