झिजलेली कळ

कीबोर्डवरची धूळ पुसताना स्पेसची झिजलेली कळ बोटाला लागली आणि ती दुपार आठवली. चाहत्यांनी बनवलेल्या, अवघड उड्यांच्या गेमवर मी 'निर्भीड' परीक्षणं लिहायचो. एकाबद्दल लिहिलं, 'शेवटची उडी गेम बनवणाऱ्यालाही जमणार नाही.' मी स्वतः अर्ध्यातच सोडला होता, हे लपवलं. मग तो गेम कुणी उघडेना. बनवणारा दोंडाईचाहून आपला कीबोर्ड पिशवीत घालून जळगावला माझ्या खोलीवर आला. गेममध्ये तासभर मरत मरत त्याने ती उडी मारलीच. "आते सांग भाऊ, तू कोठलोंग गयथा?" "अर्ध्यापर्यंत," मी म्हणालो. त्याने तिथेच बसून गेम साइटवरून कायमचा पुसला आणि कीबोर्ड टाकून निघून गेला. आता मी कुठवर खेळलो, ते प्रत्येक परीक्षणात आधी लिहितो. ते एक परीक्षण मात्र दुरुस्त करता येत नाही. खेळायला गेमच उरलेला नाही.