मेव्हणीचं रडणं

मी चाली बसवतो. गाणं लिहिणारा वेगळा, गाणारी वेगळी, मधली चाल माझी. चौथीत शाळा सुटली, त्यामुळे सूर कागदावर मांडता येत नाहीत. धरणगावच्या बँड पार्टीत जन्मभर बँजो वाजवला. आमच्याकडचा बँजो, टाइपरायटरसारखी बटणं असलेला. जे सुचलं ते डोक्यात ठेवलं. आता मोबाइलमध्ये गुणगुणून ठेवतो, एवढाच फरक.

सुचतं म्हणजे काय, कानात शिरतं. पिठाच्या गिरणीचा पट्टा सैल झाला की तो अडखळत फिरतो, त्यावर मी एक चाल केली आणि दोन लग्नसराया ती वाजली. एस.टी.च्या खिळखिळ्या खिडकीवर केली. एकदा यावलच्या बाजारात जुन्या कपड्यांवर भांडी देणारी एक बाई ओरडत चालली होती. तिची हाक शेवटी अशी वर जाऊन मोडायची की मी तिच्यामागे तीन गल्ल्या फिरलो. चौथ्या गल्लीत तिच्या माणसांनी मला धरलं. मी म्हणालो, मी सूर ऐकतोय. त्यांनी दोन कानाखाली दिल्या. बायको बाजारातच केळी घेत होती, ती धावत आली. म्हणाली, "सोडा त्याले. हाऊ माणूस बाईमांगे फिरस नही. तेवढी अक्कल ऱ्हाती ते बाईमांगेच फिरता." ते हसले आणि मला सोडलं. घरी येईपर्यंत ती माझ्या चार पावलं पुढेच चालली. चाल मात्र झाली.

माझी प्रत्येक चाल पहिल्यांदा तिनेच ऐकली. ऐकायची आणि लगेच पकडायची. "हाई ते गिरणीनं शे." "हाई तुमना मामाना खोकला शे." एकदा शेजारच्या घरातलं नवराबायकोचं भांडण मी चालीत घातलं, तर तिने बँजोची तार काढून पदरात बांधली आणि म्हणाली, लोकांच्या घरातलं बाहेर न्यायचं नाही. मी ऐकलं. तिचं मी ऐकायचो. आम्हाला मूलबाळ नाही. घरात माझं ऐकणारी ती आणि मला रागावणारीही तीच.

मागच्या मार्गशीर्षात सकाळी चहा गाळता गाळता ती खाली बसली ती उठलीच नाही.

आमच्याकडे लेक-बहीण मयताला आली की गल्लीच्या तोंडापासून हेल काढत येते. रडणं असतं, पण त्याला चढ-उतार असतो, बोल असतात. मुकाट आली तर बाया म्हणतात, हिला काही वाटलंच नाही. माझी मेव्हणी शिंदखेड्याला दिलेली. बायकोपेक्षा धाकटी, पण सगळं गाव तिला अक्का म्हणतं, मीही म्हणतो. दुपारी ती आली. आधी लांबून आवाज आला. "गयी वं, मनी बहीन गयी..." गेली गं, माझी बहीण गेली. आवाज तीन पायऱ्या चढायचा, चौथीवर थांबायचा, आणि मग एकदम खाली बसायचा, जसं कोणी पाय कापून टाकले. बाया तिला धरायला धावल्या. पुरुषांनी मान खाली घातली.

मी बायकोच्या उशाशी बसलो होतो. आणि माझी बोटं गुडघ्यावर चालत होती. तीन चढ, चौथ्यावर थांबा, खाली. पट्टी काळी दोन. हे मी आज लिहितोय, तेव्हा माझं मलाही कळलं नाही. कळलं तेव्हा हात मांडीखाली घातला. लोक म्हणाले, नाना दगड झाले, रडू द्या त्यांना. दगड कसला? मी मोजत होतो.

माघात जळगावच्या स्टुडिओवाल्याचा फोन आला. एका दवाखान्याच्या वरची खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, तिथे तो अहिराणी गाणी करून मोबाइलवर टाकतो. म्हणाला, "नाना, हळदीचं गाणं पाहिजे. पोरी उठून नाचल्या पाहिजेत असं." मी म्हणालो, सुचत नाही. खरंच सुचत नव्हतं, दोन महिने डोकं रिकामं. तरी एस.टी.त बसलो. खोलीत गेलो, बँजो मांडीवर घेतला, आणि बोटं आपोआप तिथेच गेली. तीन चढ, थांबा, खाली. ठेका दुप्पट केला. खाली ढोल घातला. ते चौथ्यावरचं थांबणं ढोलावर असं बसलं की स्टुडिओवाला खुर्चीवरून उठला. गाणं लिहिणारे मास्तर कोपऱ्यात होते, त्यांनी तिथल्या तिथे शब्द बसवले. "लागनी वं, हळद लागनी..."

मला माहीत होतं का, हे कोणाचं आहे? माहीत होतं. मोबाइलमध्ये भरताना पहिल्यांदा मी ना-ना करून नाही, "गयी वं" म्हणूनच भरलं होतं. मग ते पुसलं आणि ना-ना करून पुन्हा भरलं. चोराला माहीत असतं कुठे पुसायचं. घरी तार काढून घेणारी नव्हती.

गाणं चाललं. इतकं माझं कुठलंच चाललं नव्हतं. धुळ्याच्या स्टँडवर, पानाच्या टपरीवर, दुधाच्या गाडीवर तेच. लोक मला पाहून म्हणायचे, नाना, म्हातारपणी काय चाल काढली! मी मान हलवायचो.

वैशाखात अक्काच्या नातीचं लग्न निघालं, शिंदखेड्याला. मुलाकडच्यांनी घाई केली म्हणून सुतक फिटल्यावर तारीख धरली होती. अक्काने स्वतः फोन केला. "दाजी, तुम्ही येवानं. ती नही, ते तुम्ही तरी या." मी गेलो.

हळदीच्या दुपारी मंडपात बायांची गर्दी. बँड धुळ्याचा होता. त्यांनी माझं गाणं धरलं आणि पोरी खरंच उठल्या. बँडवाल्याने मला ओळखलं, माइकवर ओरडला, "ह्या गानाना चालकार आपलामा बसेल शेत! नाना, उठा!" मी नाही नाही म्हणालो, तीनदा. चौथ्यांदा उठलो. सत्तरी ओलांडलेला, बायको जाऊन सहा महिने न झालेला माणूस, मी हात वर करून चार पावलं नाचलो. नाचताना बरं वाटलं. तेही लिहितो.

अक्का नातीला हळद लावत होती. तिचा हात नातीच्या गालावर थांबला. पोरी चौथ्या ठोक्यावर थांबल्या आणि खाली बसल्या, गाण्याप्रमाणे. अक्काने ताट दुसरीच्या हातात दिलं आणि आत गेली.

थोड्या वेळाने मला बोलावणं आलं. ती कोठीच्या खोलीत लाडवांच्या डब्यांमध्ये बसली होती. बोटं पिवळी.

"दाजी, हाई गानं तुमनं?"

"चाल माझी."

"तुमनी?"

मी म्हणालो, चाली सारख्याच असतात, अक्का, कुठे ना कुठे जुळतात.

"दाजी, हाई मनं रडनं शे."

बाहेर पोरी शिट्ट्या मारत होत्या.

मग ती बोलली ते मी विसरणार नाही. तिची आई गेली तेव्हा ती ह्याच हेलावर रडली. नवरा गेला तेव्हा ह्याच. मोठा मुलगा विहिरीत गेला तेव्हाही. बाईचं रडणं एकच असतं म्हणाली, नवं आणता येत नाही. "आते बहीनना वर्षसराधले मी कशी रडू? तोंड उघाडं ते बाया नाचतीन."

हळदीच्या घरात रडायचं नसतं, म्हणून तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं. लाडवांचा डबा बंद करून ती उठली आणि पुन्हा नातीपाशी जाऊन बसली. मी जेवलो नाही. कोणी विचारलंही नाही.

जळगावला जाऊन स्टुडिओवाल्याला म्हणालो, काढून टाक ते गाणं. तो म्हणाला, "नाना, माझ्याकडचं काढेन. पण अर्ध्या खान्देशच्या मोबाइलमध्ये गेलंय, ते कसं काढू? बँडवाले वाजवतात, पोरी त्यावर नाचून व्हिडिओ टाकतात. आता ते आपलं राहिलं नाही." मी जोर केला नाही. खरं सांगू, निघणार नाही म्हणाला तेव्हा एक क्षण मला बरं वाटलं. गाणं राहणार म्हणून. मग घरी येईपर्यंत मी स्वतःला शिव्या दिल्या, पण तो क्षण आला होता.

मार्गशीर्षात वर्षश्राद्ध. गल्लीतल्या बाया सकाळपासून येऊन बसल्या. मी दारात उभा होतो, कान गल्लीच्या तोंडाकडे. मला वाटत होतं, ती रडेल. काहीतरी निघेलच तोंडातून. शिंदखेड्याकडून येणाऱ्या गाडीची वेळ झाली, टळली. आणि अक्का हातात पिशवी घेऊन दारात दिसली. चालत आली होती, मुकाट. चपला काढल्या, फोटोला फूल वाहिलं, आणि भिंतीला टेकून बसली.

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. बहीण आली की बाकीच्या तिच्या रडण्यात आपलं रडणं मिसळतात. ती सुरूच करेना. थोड्या वेळाने एकजण मोठ्याने म्हणाली, "सख्खी बहीन ना? धोंडाना मायक उनी." दगडासारखी आली म्हणे. दुसरी म्हणाली, "शिंदखेडानं पाणीच तसं शे."

अक्का ऐकत होती. ती सांगू शकली असती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी दारातून निघालो आणि बायांपुढे जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "तिला बोलू नका. ते हळदीचं गाणं आहे ना, माझं, ते हिचं रडणं आहे. मागच्या वर्षी ह्याच घरात रडली ते. मी चोरलं. म्हणून ती रडत नाही."

कोणाला लगेच कळलं नाही. मग एका बाईने पदर तोंडात धरला. कार्तिकात तिच्या पुतण्याच्या हळदीत ती सगळ्यांत पुढे होती. "मंग आम्ही नाचनूत ते?" ती म्हणाली.

"तेच."

गल्लीतली सर्वांत म्हातारी भिंतीशी बसली होती. तिने मला खालून वर पाहिलं. "नाना, तू बायकोना मुडदापाशी बसी गानं करी राहिंता का रे?"

मी म्हणालो, "हो."

आत भाताच्या पातेल्यावरचं झाकण वाजत होतं. मला वाटलं, आता अक्का काही म्हणेल. शिवी देईल. ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "चला, पंगत बसू द्या. भात थंडा व्हयी राहिना." बाया उठल्या. मला कोणी वाढायला सांगितलं नाही, मी कोपऱ्यात पाण्याचा हंडा धरून उभा राहिलो.

संध्याकाळच्या आत तिला पोहोचायचं होतं. मी तिची पिशवी घेऊन स्टँडवर गेलो. ती पुढे, मी मागे. गाडी लागली होती. पायरीवर चढून ती वळली.

"दाजी, मी मरसू तवय तुम्ही येवानं नही."

मी म्हणालो, मी मोठा आहे, आधी मीच जाईन.

"मंग तुमले कोन रडी?" ती म्हणाली. रागाने नाही, खरंच विचारल्यासारखं. उत्तराची वाट पाहत ती पायरीवर थांबली. मागची माणसं ढकलायला लागली, तशी आत गेली आणि खिडकीशी बसली, तोंड पलीकडे करून. मी पिशवी खिडकीतून आत दिली. तिने घेतली.