पापडखार आणि आठशे मीटर

आठशे मीटरची शर्यत मोठी खोडसाळ. पहिली फेरी मजेत जाते. दुसऱ्या फेरीचं पहिलं वळण संपलं की मांड्यांत कुणीतरी ओली वाळू भरल्यासारखं होतं, दंड जड होतात, तोंडाला लोखंडी चव येते. शेवटचे दोनशे मीटर आपण पळत नसतो, फक्त पडायचं बाकी असतं.

हे का होतं ते मला रसायनशास्त्राच्या सरांनी सांगितलं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, मी धुळ्याला देवपूरच्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. सर म्हणाले, जोरात पळताना श्वास पुरत नाही, मग स्नायू प्राणवायूवाचूनच साखर जाळतात. त्यातून लॅक्टिक आम्ल होतं, ते रक्तात उतरतं आणि पाय धरतं. परदेशातले काही धावपटू त्यावर उतारा म्हणून शर्यतीआधी खायचा सोडा घेतात, हेही ते बोलण्याच्या ओघात बोलून गेले. सरांनी सांगितलं तेवढंच ऐकून गप्प बसले असते तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली. खोलीवर येऊन मी माझ्या जोडीदारणीला सगळं असं समजावलं, जणू शोध मीच लावला होता.

ती चोपड्याच्या वरच्या अंगाची, सातपुड्याच्या पायथ्याची. घरची शेती पावसाच्या भरवशावर, बाकी मजुरी. पळायला ती कुणाकडून शिकली नव्हती, तरी सरावात रोज माझ्या पुढे असायची. मी केळीच्या बागायतीतली, खाऊनपिऊन सुखी, रोज तिच्या मागे. आमच्या विभागातून पहिल्या दोघींची पुढे निवड व्हायची. जळगावच्या एका कॉलेजची मुलगी आम्हा दोघींपेक्षा सरस होती, तिचा पहिला नंबर धरलेलाच होता. म्हणजे दुसरी ही, आणि तिसरी मी. हा हिशोब सगळ्यांना पाठ होता.

निवड झालेल्या मुलींना कॉलेज वर्षभर वसतिगृहात फुकट ठेवून घ्यायचं. तिच्या आबांनी तिला सांगून ठेवलं होतं की निवड झाली तर शीक, नाहीतर दिवाळीला घरी ये, परत जायचं नाही. ती हे अगदी सहज सांगायची. मी मात्र ऐकताना उशीच्या अभ्र्याचे दोरे उसवत बसायची.

सोडा दुकानात मिळाला असता. पण आमच्याकडे उन्हाळ्यात पापडाचं पीठ मळणाऱ्या घरात सोड्याला कोण विचारतो? सोडा भज्यांना, खरा जोर पापडखाराचा, असं आमच्या घरातल्या बायकांचं ठाम मत. पोळ्याला घरी गेले तेव्हा डब्यातून पुडी बांधून आणली. शर्यतीच्या तीन दिवस आधी सकाळी अर्धा चमचा पाण्यात कालवून प्याले आणि मैदानावर गेले. दुसऱ्या फेरीत पाय खरंच हलके वाटले की नाही ते कळायच्या आतच पोटात अशी कळ आली की मी संडास गाठला आणि तासभर तिथेच होते. खोलीवर येऊन तिला काय सांगितलं? पाळी आली म्हणाले.

शर्यत जळगावला होती. पहाटेच्या एसटीने निघालो, पारोळा गेलं, एरंडोल गेलं, खेळाच्या बाई पुढच्या बाकावर पेंगत होत्या. पुडी माझ्या पिशवीत होती. ती मी का घेतली होती, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलं आहे की आता उत्तराची सगळ्या बाजूंनी झीज झाली आहे. मला तिचं भलं हवं होतं, हे खरं. ही भाकरी आणि ठेचा खाणारी, हिला काही होणार नाही, माझंच पोट नाजूक, असंही मी मनाशी घोकत होते. आणि मी तिसरी होते, हेही खरं.

मैदानावर पोचल्यावर मी तिला पेला कालवून दिला. तिने तोंड वाकडं केलं आणि लिंबू पिळू का म्हणून विचारलं. मी सर असल्यासारखी म्हणाले, आंबट घातलंस तर खाराचा जोर मरेल. मग तिने विचारलं, तू घेतलास का. मी बसमध्येच घेतला, असं मी सांगितलं. तिने एका दमात पेला रिकामा केला.

शर्यत दहाला होती. प्रमुख पाहुणे आले नाहीत म्हणून साडेदहा झाले, मग अकरा. ऊन चढलं. ती चुन्याच्या फक्कीच्या रेघेजवळ उकिडवी बसली होती आणि मधूनच हात पोटावर नेत होती. मी बघत होते. तेव्हा बाईंना सांगता आलं असतं, तिला सांगता आलं असतं, निदान शेजारी जाऊन बसता आलं असतं. मी बुटाची नाडी चार वेळा सोडून बांधली.

शर्यत सुटली. जळगावची पुढे, तिच्या खांद्याला लागून ही, मी दहा पावलं मागे. पहिली फेरी, दुसरीचं वळण. माझ्या मांड्या भरून आल्या, छाती फाटायला आली, आणि ती मात्र तशीच हलकी पळत होती. मला वाटलं, सुटली, खार लागू पडला. मला मनापासून आनंद झाला, हे कुणी मानणार नाही. आणि शेवटच्या वळणावर ती मधूनच दुमडली. दोन पावलं वाकून पळाली, तिसऱ्याला फक्कीबाहेर गेली आणि गवतात गुडघ्यांवर बसली. मी तिच्याजवळून गेले. थांबले नाही. दुसरी आले.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती, ओठ पांढरे पडलेले. एरंडोल मागे पडल्यावर तिने हळूच विचारलं, "तुले बी असंच व्हयनं व्हतं का?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग मनंच पोट कच्चं शे." दोष तिने स्वतःच्याच पोटाला दिला.

थोड्या वेळाने बाई मागे आल्या आणि त्यांनी काय खाल्लं होतंस म्हणून दरडावलं. ती म्हणाली, सकाळी स्टँडवर भजी खाल्ली. खाराचं नाव काढलं असतं तर बोलणी मला बसली असती, म्हणून ती तसं म्हणाली. बाईंनी सगळ्या बसला ऐकू जाईल असं तिला झापलं, खादाड म्हणाल्या. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे मी शेजारी बसून मान डोलवत होते.

पुढे वाचनात आलं की लॅक्टिक आम्लावर आम्ही उगाच आळ घेतला होता. पाय धरणारं ते नसतंच, उलट शरीर त्याचंच इंधन करून वापरतं. वाचून मी पुस्तक मिटलं. त्या दिवशी पुढे वाचवेना.

दिवाळीला ती ट्रंक घेऊन गेली, परत आली नाही. निवड झाल्यामुळे वसतिगृहातली जागा मला मिळाली. मला त्या जागेची गरज नव्हती. माझे वडील मला कसंही करून शिकवणारच होते.