पिवळ्या कार्डाचा ट्रे

बबनभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी एका अर्ध्या ट्रेला पिवळं कार्ड लावत होते. त्यांच्या धाकट्या भावाचा फोन होता. "ताई, दादा सकाळीच गेला... हार्ट ॲटॅक आला." कार्ड हातातच राहिलं. त्याला आता महिना झाला, पण मला रडगाणं गायचं नाही. हा माणूस जिंकून गेला, आणि ते ताठ मानेने सांगायला हवं.

चाकणच्या आमच्या कंपनीत ते लेथ मशीनवर सुटे भाग बनवायचे, मी तपासणीत. एका ट्रेत बारा नग बसतात. शेवटी पाच-सात उरले तर त्या ट्रेला पिवळं कार्ड लावायचं आणि तोही भरल्या ट्रेंच्या रांगेतच ठेवायचा, ही आमची जुनी रीत. बबनभाऊंनी चाळिशीत, मुलीच्या पुस्तकांवरून प्रोग्रामिंग शिकून ट्रे मोजणारा प्रोग्राम लिहिला आणि पहिल्याच दिवशी घोळ झाला. प्रोग्रामने फक्त भरलेले ट्रे धरले; माझे सात नग अहवालातून गायब! साहेबांनी मला सगळ्यांसमोर झापलं. तेवढ्यात भाऊ पुढे आले. "साहेब, शैलाताईंची चूक न्हाई. माझी हाय."

दुसऱ्या कुणी दुरुस्ती करून विषय सोडला असता. हे पडले हट्टी. त्यांनी वापरलेली संगणकाची भाषा जगभरचे लोक मिळून सांभाळतात, आणि नेहमीच्या कामांची काही फंक्शनं तिच्यासोबत आयती मिळतात. 'यादीचे सारखे गट पाडणारं फंक्शन त्यात घाला, आणि शेवटचा अपुरा गट टाकून देऊ नका,' असा प्रस्ताव भाऊंनी त्या लोकांना धाडला. उत्तर आलं, हे तर कुणीही चार ओळींत लिहील. डबा खाताना त्यांनी ते वाचून दाखवलं. मी म्हटलं, "सोडा हो भाऊ, एवढ्या मोठ्या लोकांपुढे आपली काय डाळ शिजणार?"

"व्हय, कुनीबी लिहितं," ते म्हणाले, "आन् समदे तिथंच चुकत्यात. मी चुकलो, तवा बोलणी तुमी खाल्ली."

हेच त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहून पाठवलं, सोबत पिवळ्या कार्डाच्या ट्रेचा फोटो. दीड वर्ष वाद चालला... कुणी म्हणे अपुरा गट गाळा, कुणी म्हणे तिथे प्रोग्रामच थांबवा. भाऊ प्रत्येकाला उत्तर देत राहिले. मी मात्र आशा केव्हाच सोडली होती, हे कबूल करते.

आणि मंजूर झालं! भाऊंच्या म्हणण्याप्रमाणे, अपुऱ्या गटासकट! त्या दिवशी त्यांनी अख्ख्या शिफ्टला पेढे वाटले. शेवटच्या खोक्यात तीनच उरले. त्यावर पिवळं कार्ड ठेवून ते माझ्या टेबलापाशी आले. "ताई, ह्यो तुमचा ट्रे." हसता हसता माझे डोळे भरून आले.

आमच्या प्रोग्राममध्ये आता तेच फंक्शन आहे. शिफ्ट संपताना मी स्क्रीनवरची शेवटची ओळ न चुकता बघते. परवा बारा-बाराचे ट्रे भरून एकच नग उरला. त्या एकट्याला ट्रेत ठेवलं, कार्ड लावलं आणि स्क्रीनकडे पाहिलं.

तोही मोजला होता.