मेहुण्याचा ट्रक आणि मॅनेजरचा 'रे'

शनिवारी सकाळीच मेहुणा, सुनील, जुईनगरहून कळंबोलीला माझे ट्रक उभे असतात त्या यार्डात आला... हातात पेढे. व्हीआरएसचे सगळे पैसे घालून सोमवारी ट्रक बुक करणार म्हणाला.

यार्डात गाडीला गाडी चिकटलेली, मधून चालायला जागा नाही. हा खूश. "काय धंदा आहे दाजी... आणि तुम्ही म्हणता मंदी."

मी कपाळाला हात लावला. अरे बाबा, हे काय लग्नाचं कार्यालय आहे, गर्दी दिसली की धंदा जोरात? धंदा असतो तेव्हा यार्ड ओस पडतं, गाड्या रस्त्यावर पळत असतात. इथे उभ्या आहेत कारण कारखान्यातून माल निघत नाहीये, आणि निघत नाहीये कारण पुढे कोणी उचलत नाहीये.

पटेल तर शप्पथ. मोबाईल काढून मलाच बातम्या वाचून दाखवायला लागला... मी याच धंद्यात क्लीनर म्हणून आलो होतो. वर म्हणे, "तुम्हाला घरातली कॉम्पिटिशन नको, ताई पण हेच म्हणाली." म्हणजे आमची ही पण फितूर.

शेवटी वैतागून तळोज्याच्या एका कारखान्यातल्या डिस्पॅच मॅनेजरला फोन लावला, स्पीकरवर. म्हटलं, "साहेब, पुण्याचा काही माल?"

"नाही रे. सकाळपासून सगळे तेच विचारतायत. असला तर सांगेन तुला, सारखा फोन नको करू." कट.

सुनील लालबुंद. "हा पोरगा तुम्हाला अरेतुरे करतो?"

म्हटलं, हाच दिवाळीआधी "शेठ, जेवलात का, एक गाडी बघा ना आमच्यासाठी" करत होता. माल जास्त, गाड्या कमी, की मी शेठ. उलटं झालं की मी 'रे'. बाजार कसा आहे ते मला पहिल्या हॅलोलाच कळतं.

सुनील म्हणाला, "मला असं कोणी बोललं ना दाजी, तर आपलं जमायचं नाही." आणि तिथूनच एजंटला फोन करून बुकिंग थांबवलं.

तासभर घसा फोडला त्याचं काही नाही, हे मात्र लागलं...

तर मॅनेजरसाहेब, अगदी वेळेवर अपमान केलात, मनापासून आभार. सुनीलचे पैसे वाचले. आता मला परत शेठ कधी म्हणताय तेवढं बघा.