पी नसलेला हातमोजा

समस्त शिरूर-दौंडकरांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, हातमोजा घातलेला हातही मोडतो.

कारेगावात माझं सेफ्टीच्या सामानाचं दुकान आहे. परवा एक वयस्कर ठेकेदार आले, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. मागे त्यांचा दौंडकडचा गडी, उजवा हात प्लास्टरमध्ये. ट्रकमधून उतरवताना लोखंडी पाइप घरंगळला आणि मुठीवर आला. हातात मोजे होते. आणि आप्पांना पुन्हा तसलेच मोजे हवे होते!

"आप्पा, तसलेच घालून याचा हात मोडला ना?"

"हँडग्लोजचा काय दोष, ताई? ह्योच येंधळा."

गड्यानं मान खाली घातली. माझं डोकं सणकलं.

बाजारात वांगी दाबून बघावीत, तसं लोक मोज्याच्या पाठीवरचं रबर दाबून बघतात. आप्पांनीही दाबलं, मग छापलेल्या खुणेवर बोट ठेवलं. "हे बघा, हातोड्याचं चित्र. म्हंजी हातोडा बसला तरी काय होत न्हाई."

कपाळ माझं! ते चित्र इतकंच सांगतं की हा अवजारांच्या कामाचा मोजा. खालचे आकडे घासण्याचे, कापण्याचे, फाटण्याचे, टोचण्याचे. वरून आदळणाऱ्या वस्तूचा मार मुठीला किती पोचतो, ते तपासून मोजा पास झाला तरच शेवटी इंग्रजी 'पी' येतो. पी नसेल, तर ते रबर म्हणजे नवरदेवाच्या हातातली कट्यार. फोटोपुरती.

मी पीवाला जोड पुढे सरकवला.

"दिसायला दोन्ही सारखंच की! उगा म्हागाचं कशाला?"

गडी पुटपुटला, "शेठ, प्लास्टर निघालं की मला परत पाइपावरच जायचंय."

"तू गप रं!"

झालं. मी काउंटरखालून खिळे ठोकायचा हातोडा काढला. "घाला आप्पा, तुमच्याच पसंतीचा मोजा. ठेवा मूठ इथं. होऊन जाऊ द्या परीक्षा!"

दुकानातली गिऱ्हाइकं भोवती जमली. आप्पांनी मोठ्या ऐटीत मूठ ठेवली. बाई नाटक करतेय, असं त्यांना वाटलं. करतच होते. पण हातोडा डोक्याच्या वर गेला, आणि मी काही हसेना.

मूठ सटकन मागं गेली.

"अवं ताई, ह्यो माझा हात हाय!"