शेवटचा हात

दवाखान्याच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून प्लास्टरची खोली होती आणि तिथे हलूनकाकांचं राज्य होतं. त्यांचं खरं नाव काहीतरी होतंच, पण "हलू नका, हलू नका" म्हणत त्यांनी इतक्या लोकांचे हातपाय बांधले होते, की सगळे त्यांना हलूनकाकाच म्हणत. डॉक्टर मोडलेलं हाड ओढून जागेवर बसवत आणि काका त्यावर ओल्या पट्ट्या गुंडाळून तळव्याने आकार देत. बोटं लावायची नाहीत, बोटाचा खड्डा आत टोचतो. आकार आला, की शेवटी एक हात फिरवायचा, आपल्यापासून पेशंटकडे, हलकासा दाब देत. त्या शेवटच्या हाताचा काकांना फार अभिमान होता.

त्यांची धाकटी लेकही हेच शिकून त्याच खोलीत लागली, तेव्हा काकांनी आख्ख्या दवाखान्याचं तोंड गोड केलं. आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या प्रत्येक प्लास्टरवर स्वतःचा शेवटचा हात फिरवायला सुरुवात केली. ती दात-ओठ खाऊन म्हणायची, "बाबा, झालंय ते." काका म्हणायचे, "झालंच आहे गं, मी फक्त हात फिरवतोय." पण तिला कायम करायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी साफ सांगितलं, "बाई, निव्वळ तुझं असं एकही प्लास्टर मी पाहिलेलं नाही. शिफारस कशाच्या जोरावर करू?" ती त्या दिवशी घरी आली ती सरळ आपल्या खोलीत गेली आणि जेवायलासुद्धा बाहेर आली नाही.

अशात काका स्टुलावरून पडले. "स्टूल धरू का?" असं बायकोने विचारलं होतं, पण बल्ब बदलायला माणूस लागतो का, म्हणून काकांनी तिला उडवून लावलं होतं. उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी सुई देऊन हाड बसवलं आणि लेकीकडे पाहून म्हणाले, "घे. हे तुझं." आता तर काकांचा उजवा हातच कामातून गेला होता, तिच्या कामात लुडबूड करणार कोण?

तिने सुरेख बांधलं. काकांनी टीकाकाराच्या नजरेने पाहिलं, पण बोटाचा एकही ठसा दिसेना. हाडाला टेकू म्हणून मनगटाशी तिने तळव्याने एक रुंद खोलगट आकार दिला होता. "ओलं आहे, हलू नकोस," म्हणून ती बादली ओतायला गेली. तेवढ्यात काकांचा डावा हात उठला. त्यांनी ठरवलं वगैरे काही नव्हतं, समोर ओलं प्लास्टर दिसलं आणि हात आपला उठला. सवयीप्रमाणे आपल्यापासून पलीकडे, दाब देत. फक्त या वेळी पेशंट ते स्वतःच होते, त्यामुळे दाब बरोबर उलटा पडला आणि तो खोलगट आकार सपाट झाला.

एक्स-रेत हाड सरकलेलं दिसलं. डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "काय गं, आकार नीट दिला नव्हतास?" लेक फोटोकडे बघत राहिली. काकांनी तिचा चेहरा पाहिला.

"तिने दिला होता," ते म्हणाले. "मी पुसला. हात फिरवला मी."

डॉक्टर आधी रागावले, मग खुर्चीत बसून पोट धरून हसले. लेक मात्र हसली नाही. डॉक्टरांनी हाड पुन्हा बसवल्यावर नवी पट्टी भिजवत तिने एवढंच म्हटलं, "डावा हात मांडीखाली घाल. आणि त्याच्यावर बस." एक्स-रेवाल्यापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे दारात जमले होते. हलूनकाका आपल्याच हातावर बसले आणि अजिबात हलले नाहीत.

मग आली सक्तीची रजा. रिकामटेकड्या माणसाला तत्त्वज्ञान सुचतं, तसं काकांना सुचलं: कुठलीही गोष्ट घडते ती घडवणाऱ्या हाताने, हात काढला की बिघडली. बायको बेकरीत कामाला होती, ती म्हणाली, "अहो, मी पीठ मळते आणि फडक्याखाली ठेवून चक्क निघून येते. पाव फुगतो तो माझ्या पाठीमागे. सारखं उघडून बघितलं तर बसतो." वरच्या मजल्यावरचे दगडांचे प्रोफेसर म्हणाले, "आमच्याकडे हातच नसतो हो. वर ओझं, खाली वेळ, झाला थर." काकांना ते मुळीच पटलं नाही. शेवटी त्यांनी शाळेत कवायत शिकवणाऱ्या मेहुण्याला गाठलं. तो तरी हुकूम सोडणारा माणूस!

"हुकूम फक्त पहिल्या दिवशी, भाऊजी," मेहुणा म्हणाला. "नंतर प्रत्येक जण शेजारच्याचा खांदा बघून चालतो. मी मध्ये घुसलो की रांग मोडते. मी आपला गच्चीवर जाऊन बघतो."

"म्हणजे तू पगार कशाचा घेतोस?"

"गच्चीवर जायचा," मेहुणा म्हणाला आणि काकांच्या ताटातली भजी उचलून चालता झाला.

प्लास्टर कापलं त्या दिवशी काकांनी मनगट उलटसुलट फिरवून पाहिलं. सरळ होतं. फोटोत मोडलेल्या जागी नवं हाड धरलेलं दिसत होतं. डॉक्टरांनी तिथल्या तिथे शिफारशीवर सही केली. कापलेलं प्लास्टर फेकायला लेकीने उचललं, तेव्हा काकांनी ते तिच्या हातातून घेतलं. मनगटाशी तिच्या तळव्याचा ठसा होता. त्यांनी आपला तळवा त्यात ठेवून पाहिला. बसला नाही, तिचा लहान होता. त्यांना एकदम भरून आलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

पुढच्या आठवड्यात काका कामावर रुजू झाले. जिन्यावरून पडलेल्या एका बाईंचा हात लेकीने बांधला आणि ती पाणी बदलायला गेली. समोर ओलं, पांढरंशुभ्र प्लास्टर. काका स्टूल ओढून बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

बाईंनी काळजीने विचारलं, "काका, तुमचे हात दुखतायत का?"

"नाही हो," काका म्हणाले. "त्यांना सांगतोय, हलू नका."